तेरा दिवसांचा गाळ

१९ जून

जिल्हा कार्यालयाच्या भिंतीवर पुराचा नवा नकाशा लागला आहे. आमची खालची गल्ली त्यात लाल रंगात आहे. इथे दोन पिढ्या काढून आम्हाला जे माहीत आहे, ते त्यांना आता रंगीत छापून मिळालं. नकाशापाठोपाठ तिसऱ्या दिवशी विम्याचा एजंट गल्लीत हजर. नवऱ्यानं पाच मिनिटांत त्याचं नाव गोडबोल्या ठेवलं.

पुराचा विमा घ्यावा की नाही, यावर गल्लीत आठवडाभर वाद झाले. शेवटी सगळे माझ्याकडे आले, कारण मी कॉलेजात गेलेली एकटीच. पॉलिसी चौदा पानांची, मुंगीसारखी अक्षरं. काल पिठाच्या गिरणीत सगळ्यांना बसवून मी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवली. सातव्या पानावर गिरणीवाला घोरायला लागला. शिवणवाल्या काकू म्हणाल्या, "मला यातलं एक अक्षर कळलं नाही. तू घेते आहेस ना? मग दाखव, कुठे सही करू."

नऊ घरांनी सह्या केल्या. काकूंचं ते वाक्य मला आवडलं, हे कबूल करायला हवं. घरी येताना मी जरा ताठ चालत होते.

२ सप्टेंबर

नदी वाढते आहे. आज दिवसभर बाइंडिंगचा कारखाना वर चढवला. कारखाना म्हणजे आमच्याच घराची पुढची मोठी खोली. शाळांची शंभर हजेरीपत्रकं, शिवून झालेले पण पुठ्ठे न चढवलेले फर्मे म्हणजे दुमडलेल्या पानांचे जुडगे, कापडाचे तागे, खळीची पोती, सगळं माळ्यावर गेलं. माळा भरल्यावर उरलेले कागद टेबलावर आणि टेबल पलंगावर. कटिंग मशीन मात्र जागेवरच राहणार. सासऱ्यांनी ते उमेदीच्या काळात घेतलं, चार माणसांना उचलत नाही. त्यांनी त्याला जाड तेल फासलं, ताडपत्रीत गुंडाळलं आणि वरून दोरीनं बांधलं, आजारी जनावराला बांधावं तसं.

४ सप्टेंबर

वरच्या शाळेत आहोत, गल्लीतले सगळे. पाणी आमच्या खिडकीच्या गजांपर्यंत गेल्याचं नावाड्यानं सांगितलं. वही सोबत आणली आहे. लिहावंसं काही नाही.

५ सप्टेंबर

पहाटेपासून पाणी उतरायला लागलं. आमच्या गल्लीची एक रीत आहे, ती इथे लिहून ठेवते. पाणी गुडघ्याएवढं राहिलं की घरात शिरायचं, मागच्या खोलीपासून खराट्यानं गाळ ढवळायचा आणि जाणाऱ्या पाण्याबरोबर दाराबाहेर लोटायचा. पाण्यानं गाळ आणला, पाण्यानंच परत न्यायचा. दीड-दोन तास मिळतात. ती वेळ चुकली की गाळ खाली बसतो आणि मग फावड्यालाही दाद देत नाही.

सगळे खराटे घेऊन निघाले होते. मी म्हटलं, थांबा, आधी कंपनीला विचारू. शाळेच्या व्हरांड्यातून एजंटला फोन लावला. शेजारी सासरे उभे होते. पावसाच्या आवाजात ऐकू येईना, म्हणून स्पीकर लावला. तो म्हणाला, "ताई, शक्यतो आहे तसं राहू द्या. फोटो काढून ठेवा म्हणजे झालं. बाकी तुम्ही बघा, तुम्ही तर शिकलेल्या आहात."

मी तशीच पाण्यातून खाली गेले आणि गल्लीच्या तोंडाशी उभं राहून ओरडले, "कंपनीनं सांगितलंय, कुणी काही हलवायचं नाही! सर्वेअर बघून जाईपर्यंत हात लावलात तर दावा गेला!"

गिरणीवाला म्हणाला, "वहिनी, वेळ निघून चालली आहे."

"जाऊ दे. पैसे कशासाठी भरले मग?"

सासरे तोपर्यंत मागच्या खोलीत पोचलेसुद्धा होते. खराटा त्यांच्या हातातून मीच घेतला. "अगं, पाणी चाललंय," एवढंच म्हणाले. मग दारात उभे राहून शेवटचं पाणी उंबऱ्यावरून जाईपर्यंत बघत राहिले.

नऊच्या नऊ घरांनी ऐकलं. शिस्त कशाला म्हणतात ते आज या गल्लीनं दाखवलं. प्रत्येक घराचे फोटो काढले, तारीख-वेळ टाकून.

७ सप्टेंबर

सकाळी १०.२० ला एजंटला फोन. आज तो गोड बोलत नव्हता. "हात लावू नका म्हणजे नकाच. माणूस निघालाय, उद्या पोचतोय. काही हलवलंत तर मग माझ्याकडे येऊ नका." हे शब्द मी फोन चालू असतानाच लिहून घेतले.

गाळ वीतभर आहे. वरून साय धरली आहे, आत पाय टाकला की घोटा अडकतो.

१० सप्टेंबर

उद्या म्हणजे परवा, परवा म्हणजे कधीच नाही. ८ तारखेला दोन फोन, ९ ला एक, आज दोन. आज एका बाईनं सांगितलं की सर्वेअर दुसऱ्या जिल्ह्यात आहे. मग "निघालाय" म्हणाला होता तो कुठून निघाला होता? पायी निघाला होता का?

गाळाला भेगा पडल्या आहेत. भिंतींवर काळे-हिरवे ठिपके. आम्ही दिवसा घराबाहेर ओट्यावर बसतो आणि झोपायला शाळेत जातो. शाळेचे मास्तर आता वर्ग कधी सुरू करायचे म्हणून विचारायला लागलेत, त्यांचंही बरोबर आहे.

सासरे रोज सकाळी तेलाची बुधली घेऊन कटिंग मशीनपाशी जाऊन उभे राहतात आणि विचारतात, "आज येतोय का तो?" आज चौथ्यांदा विचारलं तेव्हा मी ओरडले, "मला टोमणे मारून तो लवकर येणार आहे का?" ते खोकले आणि बाहेर निघून गेले. बुधली तिथेच ठेवून गेले. ताडपत्रीच्या आत गाळ शिरलाय, हे मलाही दिसतंय. पण एकाला सूट दिली तर बाकीच्या आठ घरांना काय सांगू?

१४ सप्टेंबर

आज फोनवर माणूससुद्धा नव्हता. आपण रांगेत आहात, असं एक यंत्र सांगत होतं, मागे वाद्यसंगीत. अकरा मिनिटं. मी त्या यंत्राला शिव्या दिल्या. नवरा म्हणाला, "दे, दे. निदान तुझं ऐकून तरी घेतंय."

काकूंच्या शिलाई मशिनी तिन्ही चिखलात. त्यांना कपड्यांचं मोठं काम मिळालं होतं, ते परवा दुसरीकडे गेलं. मला सांगताना त्या रागावल्या नाहीत. "तू म्हणतेस तर थांबते आणखी," म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. माझा सगळा राग आहे तो कंपनीवर. माणसांना त्यांच्याच घरात पाय टाकू न देणं, हा कुठला धंदा?

एक गोष्ट मात्र टोचते. आमच्या ओळीच्या टोकाला सायकल दुरुस्तीवाला आहे. त्यानं विमा घेतला नव्हता. त्यानं त्याच दिवशी गाळ पाण्याबरोबर लोटून दिला, दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. आज जाता-येता तो आमच्याकडे बघतो आणि नजर खाली घालतो. त्याला आमची कीव येते.

१८ सप्टेंबर

आला. तेरा दिवसांनी आला. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, ते नवेकोरे. नऊ घरं वीस मिनिटांत. आमच्या दारातून आत डोकावला आणि म्हणाला, "हे अजून साफ का नाही केलंत?"

मला आधी वाटलं की थट्टा करतोय.

"तुमच्या लोकांनी सांगितलं म्हणून."

"असं कसं कुणी सांगेल बाई? बुरशी बघा केवढी चढली आहे. ही पुराची नाही, ही तुमची." आणि त्यानं कागदावर काहीतरी खूण केली.

गिरणीवाल्यानं त्याचा दंड धरला. मी मध्ये पडले नसते तर आज तो बुटांसकट नदीत गेला असता. मी मध्ये का पडले, हेच आता कळत नाहीये.

तो गेल्यावर सगळ्यांनी फावडी घेतली. फावडी उसळून परत येतात. गिरणीवाल्यानं पहार आणली.

२४ सप्टेंबर

सासऱ्यांना दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर म्हणाले, छातीत संसर्ग आहे, ओलीच्या आणि बुरशीच्या जागेपासून दूर ठेवा. त्यांना माझ्या बहिणीकडे पोचवलं. निघताना त्यांनी कटिंग मशीनची मूठ फिरवून पाहिली. फिरली नाही. "राहू दे," म्हणाले.

पाच दिवसांत पहारीनं आमच्या दोन खोल्या झाल्या. आमचे हात सोलून निघालेत.

१ ऑक्टोबर

पत्र आलं. नऊही घरांना सारखंच, फक्त नाव बदललेलं. कलम नऊ: नुकसान वाढू नये म्हणून विमाधारकानं वाजवी ती काळजी घ्यायला हवी. ती घेतली नाही, सबब दावा नामंजूर.

हे कलम मी वाचून दाखवलं होतं. गिरणीत, मोठ्यानं. चौथं कलम पाहणीपूर्वी जागेत बदल करू नये म्हणतं, नववं नुकसान वाढू देऊ नये म्हणतं. तर्कशास्त्रात पहिला वर्ग मिळवणाऱ्या मला ती दोन्ही वाचताना काही खटकलं नाही. असो, कलमं त्यांची, अर्थही त्यांचाच.

एजंटला फोन केला. म्हणाला, "मी कुठे सांगितलं हलवू नका? ताई, मी असं कधीच बोलत नाही." मी म्हटलं, "माझ्याकडे लिहून ठेवलंय. तारीख, वेळ, शब्द न् शब्द. वही आणून तोंडावर मारीन." फोन ठेवला, वही काढली आणि ५ सप्टेंबर उघडलं.

शक्यतो. फोटो काढून ठेवा म्हणजे झालं. बाकी तुम्ही बघा.

तीनदा वाचलं. अक्षर माझंच आहे. त्याच्या पुढच्याच ओळीत मी गल्लीच्या तोंडाशी उभी राहून कंपनीनं सांगितलंय म्हणून ओरडते आहे.

आज एवढंच.

४ ऑक्टोबर

नवऱ्याला दाखवलं. त्यानं वाचलं आणि बराच वेळ वही उलटसुलट करत राहिला, ग्राहकाचं काम तपासावं तशी. मग म्हणाला, "हा आपलाच कागद आहे. याच रिमचे तीन-चार दस्ते माळ्यावर कोरडे आहेत."

"मग?"

"मग काय मग? फर्मा सोडवायचा, पान बदलायचं, पुन्हा शिवायचं. तू बांधलेली वही आहे. तुझ्याशिवाय कुणाला कळणार?"

काल विम्याच्या तक्रार कार्यालयात नऊ घरांचा अर्ज दिला, अधिकाऱ्यासमोर सुनावणी २० तारखेला आहे. पुरावा म्हणून काय आणणार, असं त्यांनी विचारलंय. माझ्या वहीशिवाय आमच्याकडे काहीही नाही. फोनची यादी फोन झाल्याचं सांगते, फोनवर काय बोलणं झालं ते सांगत नाही.

नवऱ्यानं गिरणीवाल्याच्या कानावर घातलंच. संध्याकाळी तो आला, खाली बसलाही नाही. "वहिनी, ते आपल्याला बुडवायला तेरा दिवस खोटं बोलले. तुम्ही आमच्यासाठी एक ओळ बोला. शक्यतो हा एक शब्द काढायचाय, आणखी काय?"

मला त्याचा राग आला, आणि मग राग आला म्हणून स्वतःचा. कारण माझ्या मनात तेच चाललं होतं, सकाळपासून. नवी ओळसुद्धा तयार होती.

५ ऑक्टोबर

आज टाके कापले. फर्मा सुटा करून मेजावर ठेवला. वहीत पान एकटं नसतं. एक ताव दुमडून दोन पानं होतात, एक बदललं की त्याच्या जोडीचं आपोआप निघतं. ते पुन्हा लिहावंच लागतं. ५ तारखेच्या पानाची जोडी कुठे जाते ते पाहिलं, तर ७ सप्टेंबर. १०.२० चा फोन. हात लावू नका म्हणजे नकाच.

म्हणजे खोटी ओळ घालायची तर ही खरी ओळही मला नक्कल करून लिहावी लागणार. त्याच शाईनं, तितक्याच घाईच्या अक्षरात, फोन चालू असल्यासारखी. मी तीन वेळा कागदावर करून पाहिली. तिसऱ्यांदा हुबेहूब जमली. तो माणूस खरंच तसं बोलला होता, आणि मी ते वाक्य घडवत बसले होते.

फर्मा जसा होता तसा पुन्हा शिवला. नवरा दारात उभा होता. म्हणाला, "नऊ घरं आहेत. तुझं मन एकटं."

त्यानं जेवताना वाढून घेतलं, माझं ताट तसंच ठेवलं.

६ ऑक्टोबर

बहिणीकडे जाऊन सासऱ्यांना सगळं सांगितलं. गल्लीला सांगण्याआधी त्यांना सांगणं भाग होतं. त्यांचा खोकला कमी आहे. शांतपणे ऐकलं.

"मला ऐकू आलं होतं," ते म्हणाले. "फोनचा आवाज मोठा होता."

"मग खराटा का दिलात मला?"

"तू चौदा पानं वाचली होतीस. मला वाटलं, त्यात काहीतरी असेल."

येताना बसमध्ये कुणाला दिसू नये म्हणून खिडकीकडे तोंड करून बसले.

संध्याकाळी गिरणीत सगळ्यांना बोलावलं आणि दोन्ही दिवसांची पानं वाचून दाखवली. या वेळी कुणी घोरलं नाही. मी म्हटलं, पहिल्या दिवसाचा गाळ माझ्यामुळे बसला. वही आहे तशी देणार आहे.

काकू उठल्या. "मी तुला विचारलं होतं, कुठे सही करू," एवढंच बोलल्या आणि गेल्या. शिव्या बाकीच्यांनी दिल्या. सगळ्या लिहीत नाही. त्यातल्या बहुतेक मी त्या यंत्राला दिल्या होत्या त्याच होत्या.

२० ऑक्टोबर

वही तक्रार कार्यालयात जमा आहे. हे सुट्या कागदावर लिहिते आहे.

सुनावणीला नऊही घरांतून माणसं आली. मला वाटलं होतं, कुणी येणार नाही. कंपनीतर्फे वकील आणि एजंट. माझ्याकडे बघून एजंट नमस्कार करून हसला. त्याला हसताना बघून माझ्या हाताच्या मुठी वळल्या, त्या शेवटपर्यंत तशाच होत्या.

अधिकारी बाई होत्या, साठीच्या आसपास. त्यांनी ५ तारीख मोठ्यानं वाचली. वकिलाचा चेहरा खुलला. "म्हणजे सूचना यांनी स्वतःच दिली, मॅडम."

"हे तुम्ही लिहिलंय?" बाईंनी मला विचारलं.

"हो."

"स्वतःच्या विरुद्ध?"

"तेव्हा विरुद्ध आहे हे माहीत नव्हतं. नंतर कळलं तेव्हा बदलता आलं असतं. बाइंडर आहे मी."

त्यांनी वही उचलून पाठीकडून पाहिली, टाके पाहिले, मग ७ तारीख वाचली. मग १० आणि १४. प्रत्येक फोन आणि प्रत्येक शब्द. वाचून झाल्यावर एजंटला विचारलं, "यातलं तुम्ही काय काय बोलला नाहीत?" तो वकिलाकडे बघायला लागला. वकील कागदाकडे.

एजंटनं मान खाली घातल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मला त्याला हलवून विचारायचं होतं की माणूस निघालाय हे तू कुणाच्या सांगण्यावरून बोललास, की सहज, फोन ठेवता यावा म्हणून? कुणी विचारलं नाही. सुनावणीत तो प्रश्न येत नाही.

निकाल तोंडी मिळाला, लेखी नंतर येईल. सात तारखेपासूनची जबाबदारी कंपनीची. गंज, बुरशी, बुडालेलं काम, सगळं धरून पैसे द्यायचे. पहिल्या दोन दिवसांची, म्हणजे बसलेल्या गाळाची, जबाबदारी विमाधारकांची. त्यापोटी प्रत्येक दाव्यातून तिसरा हिस्सा कमी. नऊ घरांचा.

बाहेर पायऱ्यांवर सगळे थांबले. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. शेवटी गिरणीवाला म्हणाला, "पान बदललं असतं तर पूर्ण मिळाले असते."

काकू म्हणाल्या, "आणि पकडली गेली असती तर? एक दमडी नसती मिळाली."

"पकडली गेली नसती," तो म्हणाला. "हिच्या हातचं काम मी बघितलंय."

सगळे स्टँडकडे चालायला लागले, मी जरा मागून. त्याचं म्हणणं खरं आहे. पकडली गेली नसती. इथे लिहून ठेवते, कारण तो माझं कौतुक करत नव्हता, गेलेला तिसरा हिस्सा माझ्या नावावर मांडत होता.